तयार वर्कशॉपमध्ये छताचे लाइट: फॉल्स सीलिंग न फोडता वायरिंग कसं करावं?

पटाशी, नाशिक

नमस्कार मंडळी,

घराला लागून असलेल्या गॅरेजचं सुतारकामाचं वर्कशॉप करतोय. खोली २० बाय १५ फूट. वर आरसीसी स्लॅब, त्याखाली साधारण नऊ इंचांवर जिप्समचं फॉल्स सीलिंग. आधीच्या मालकांनी गिलावा, पुट्टी, रंग, फरशी सगळं हौसेने करून घेतलंय. उजेडासाठी मात्र बरोबर मधोमध एकच पॉइंट. कामाचं टेबल खिडकीशी आहे. तिथे उभं राहिलं की दिवा पाठीमागे येतो आणि पेन्सिलने आखलेली रेघ माझ्याच सावलीत जाते. टेबल सॉ, बँडसॉ आणि एक छोटा वुड लेथ भिंतींच्या कडेने ठेवलेत.

छताला आठ-दहा एलईडी बॅटन लावायचे आहेत. दोन इलेक्ट्रिशियन बघून गेले. पहिला म्हणाला, "जिप्समला भोकं पाडून वरून वायरी सोडतो, अर्ध्या दिवसात मोकळे." पाइपाचं विचारलं तर, "वर कोण बघतंय?" दुसरा म्हणाला, सगळं बाहेरून पाइपात घेऊ. पहिलं मला पटत नाही. दुसऱ्याने खोली कारखान्यासारखी दिसेल असं घरच्यांचं म्हणणं. चांगला मार्ग कोणता? मी अमेरिकन व्हिडिओ बघून जोडण्या शिकतोय, त्यामुळे शक्य तेवढं काम स्वतः करायची इच्छा आहे.

दिवेलागण

डीबीत, म्हणजे वीज वाटणाऱ्या एमसीबींच्या पेटीत, काय काय आहे? आणि मधल्या पॉइंटला वायर कुठून येते ते पाहिलंत का?

पटाशी, नाशिक

मधल्या दिव्याची तबकडी काढून मोबाइल आत घातला. स्लॅबमध्ये पंख्याचा बॉक्स दिसतो, त्यातून लवचीक पाइप खाली आलाय. डीबी दाराशेजारीच आहे. लाइटला ६ अँपिअरचा एक एमसीबी, सॉकेटना १६ चे दोन. सगळ्यांच्या आधी एक आरसीसीबी, त्यावर ३० एमए लिहिलंय.

वायरमनकाका, सातारा

पटाशी, ती ३० एमएची आरसीसीबी आहे हे चांगलं आहे. वीज कुठे गळाली, म्हणजे समजा माणसाच्या अंगातून जमिनीत गेली, की ती पुरवठा तोडते. ती तारेसाठी नसते, माणसासाठी असते.

पहिल्या माणसाला परत बोलावू नका. जिप्समवर मोकळ्या वायरी टाकणं इतकं सर्रास चालतं की लोकांना तीच पद्धत वाटायला लागली आहे. पिळा मारून काळी टेप गुंडाळलेला सांधा वरच्या उष्णतेत राहिला की टेपचा चिकटपणा वाळतो, टेप सुटते आणि आतला पिळा सैल होतो. सैल सांधा तापतो. खालून कुणाला काहीच दिसत नाही. पुढे पाच वर्षांनी कुणीतरी पडद्याचा रॉड लावायला सीलिंगमध्ये स्क्रू मारतो आणि तो नेमका वायरीत जातो.

तुमच्याकडे सोयीची गोष्ट अशी की स्लॅबमधून पंख्याच्या बॉक्सपर्यंत पाइप आधीच आहे. त्यात १.५ चौरस मिलिमीटरच्या किती वायरी आहेत ते बघा. जागा असेल तर स्प्रिंग घालून अर्थची हिरवी वायर आणि आणखी एक फेज ओढून घेता येईल. पाइपाच्या पोकळीचा ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग वायरींनी भरू नये. ठासून भरलं की ओढताना इन्सुलेशन सोलून निघतं.

आता दिसण्याचं. बॅटन सरळ रांगेत लावा आणि पांढरा २० मिमी पाइप त्याच रांगेच्या रेषेत घ्या. दोन बॅटनच्या मधल्या जागेतच पाइप दिसेल, तोही छताच्याच रंगाचा. प्रत्येक रांगेला वरून किंवा भिंतीवरून एकच ठिकाणी फीड. म्हणजे तीन रांगांना तीन भोकं, आठ-दहा नव्हेत. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट बसवा, नाहीतर लाकडाचा बारीक भुसा त्यातून वर जाऊन साचतो.

आणि कायद्याचं स्पष्टच सांगतो. बल्ब, पंखा, स्विच बदलणं घरच्या माणसाने केलं तर चालतं. नवा पॉइंट काढणं ही वायरिंगमधली भर झाली, ती परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायची असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. पाइप बसवणं, आखणी, भोकं, सॅडल मारणं हे तुम्ही जरूर करा. वायर जोडणं आणि तपासणं परवान्याच्या माणसाकडे द्या.

मेघना_इंटिरिअर, ठाणे

काका, मोकळ्या वायरींबद्दल शंभर टक्के सहमत. पण सुंदर केलेल्या छताखाली पाइप आणणं मला पटत नाही. जिप्सम कापायला लोक उगाच घाबरतात. रांगेच्या रेषेत फूटभर रुंदीची पट्टी कापायची, आत स्लॅबला सॅडल मारून पक्का पाइप न्यायचा, पट्टी परत बसवायची, सांध्यावर जॉइंटिंग टेप आणि कंपाउंड, मग रंग. कुठे कापलं होतं ते शोधून सापडत नाही. जंक्शन बॉक्सच्या खाली छोटं ट्रॅप डोअर ठेवायचं, म्हणजे पुढे उघडता येतं.

वायरमनकाका, सातारा

मेघनाताई, ट्रॅप डोअर ठेवणार असाल तर माझी हरकत नाही. बहुतेक जण ते ठेवत नाहीत, "छतात चौकोन दिसतो" म्हणून.

मेघना_इंटिरिअर, ठाणे

ते खरं आहे. माझ्याकडचे ग्राहकसुद्धा आधी नको म्हणतात आणि पहिला दिवा बंद पडला की मला फोन करतात. आता मी ट्रॅप डोअर नको असेल तर काम घेत नाही.

लेथवाला_शिरोली, कोल्हापूर

भावा, उजेड किती हे सगळी सांगतील, उजेड कसला हे आधी बघ. तुझ्याकडं फिरणारी मशिनं हायत.

आपली वीज ५० हर्ट्झची. साधी चोकवाली ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरत्या वस्तूवर कळतं. लेथवर लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक १५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) फिरतोय असं धर. सेकंदाच्या शंभराव्या भागात तो बरोबर पाव फेरा मारतो. म्हणजे दर झोताला एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा. चक थांबल्यासारखा दिसतो! तीन जबड्यांच्या चकाला हेच २००० ला होतं. मोटर १५०० ची म्हणतात ती भाराखाली १४४० ला चालते, तवा चक उलटा, अगदी निवांत फिरताना दिसतो. सॉच्या पात्याचंही तसंच, दात हळूहळू सरकल्यासारखे दिसतात. नवं पोरगं असेल तर हात पुढं जातो.

आमच्या शॉपमध्ये ट्यूबा होत्या तवा शेजारशेजारच्या रांगा आर, वाय, बी अशा तीन वेगवेगळ्या फेजवर टाकायचो. एकीचा उजेड पडतो तवा दुसरीचा चढतो, त्यामुळं खोलीत पूर्ण बुडी बसत नाही. तुझ्याकडं सिंगल फेज असणार, तवा चांगल्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट) एलईडी घे. दुकानातच परीक्षा घे: दिवा लावायला सांग, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग कर. पट्टे पळताना दिसले, की दिवा परत दे.

पटाशी, नाशिक

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आत्ता मधल्या दिव्याचं स्लो मोशन घेतलं, तो नुसता लुकलुकतोय! लेथ आजपासून बंद, दिवे बदलेपर्यंत.

सई_ओम, पुणे

शिरोलीकरांच्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन. मी संख्येचं बोलते, कारण "आठ-दहा" हा आकडा अंदाजाने आलेला दिसतो.

खोली ३०० चौरस फूट, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. मध्यम बारकाईच्या बेंचवर्क आणि मशीनच्या कामासाठी आपल्याकडच्या मानकात, आयएस ३६४६ मध्ये, ३०० ते ७५० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा प्रकाश, ल्युमेनमध्ये) आणि मधला आकडा ५०० असा पट्टा आहे. घरगुती वर्कशॉपला छतावरून ४०० धरू. २८ गुणिले ४०० म्हणजे ११,२०० ल्युमेन थेट कामावर पडायला हवेत. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश खाली पोचत नाही. भिंती खातात, दिव्यावर धूळ बसते, कालांतराने तेज उतरतं. पोचण्याचा वाटा ०.६ आणि देखभालीचा ०.८ धरला तर दोन्ही मिळून ०.४८. भागाकार केला की २३,००० च्या वर ल्युमेन लागतात. २० वॉटचा चार फुटी बॅटन साधारण २,००० ल्युमेन देतो. म्हणजे १२ बॅटन. चार-चारच्या तीन रांगा.

छतावरून ३०० लक्सच ठेवले तर ९ बॅटनमध्ये भागतं, पण मग लेथ, बँडसॉ आणि टेबलाजवळ वाकवता येणारा एकेक दिवा हवाच. मला स्वतःला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो. कारण सावलीचा प्रश्न नुसते दिवे वाढवून सुटत नाही, दिवा कुठे आहे त्यावर ठरतो. टेबलाजवळची रांग तुमच्या डोक्यामागे नको, टेबलाच्या समोरच्या कडेच्या वर हवी. आखणी छताच्या मधल्या रेषेपासून सुरू करू नका. आधी माणूस कुठे उभा राहतो ते फरशीवर खडूने काढा आणि तिथून वर जा.

भाराची चिंता करू नका. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॉट, एक अँपिअरच्या आसपास. सगळे एका ६ अँपिअरच्या एमसीबीवर आरामात बसतात. फक्त एमसीबी सी कर्व्हचा असू दे, कारण बरेच एलईडी ड्रायव्हर एकदम चालू होताना क्षणभर मोठा प्रवाह खेचतात.

आणखी एक: पॉलिश, स्टेन करणार असाल तर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० चे दिवे बघा. कमी सीआरआयखाली सागवान आणि शिसव दोन्ही सारखेच मेलेले दिसतात.

एडिसनकर, न्यू जर्सी

पटाशीभाऊ, तुम्ही बघताय ते व्हिडिओ आमच्याकडच्या गॅरेजचे आहेत, म्हणून लिहितो. माझं गॅरेजही तयार होतं: ड्रायवॉल (जिप्समच्या पाट्या), वर इन्सुलेशन. पण इथली रचनाच वेगळी. छतात दर १६ इंचांवर लाकडी जॉइस्ट (आडवे वासे) असतात, त्यांच्या मधल्या पोकळीतून केबल सरकवता येते. वायर लाकडाला स्टेपल करतात, घरात पाइप क्वचितच. तुमच्या स्लॅबखाली तसं काहीच नाही.

व्होल्टेज १२०, फ्रिक्वेन्सी ६०. १४ गेजची वायर १५ अँपिअरच्या ब्रेकरवर, १२ गेजची २० वर. यातला एकही आकडा तिकडे उचलून नेण्याजोगा नाही. एकच गोष्ट नेण्यासारखी आहे: इथे प्रत्येक सांधा बॉक्समध्येच असावा लागतो आणि तो बॉक्स भिंत किंवा छत न फोडता उघडता आला पाहिजे. ड्रायवॉलमागे बॉक्स गाडला तर तपासनीस काम पास करत नाही. मी माझ्या राहत्या घराचं परमिट काढून काम केलं. झाकायच्या आधी एकदा आणि पूर्ण झाल्यावर एकदा तपासणी झाली. काका आणि मेघनाताई जे ट्रॅप डोअरचं म्हणतात, ते इथे नियम म्हणून आहे.

वायरमनकाका, सातारा

एडिसनकर, तुम्ही गेज सांगितलंत पण सर्वांत महत्त्वाचं राहिलं. रंग सांगा त्यांना.

एडिसनकर, न्यू जर्सी

बरोबर काका. इथे काळी वायर म्हणजे जिवंत फेज. पांढरी न्यूट्रल. अर्थ उघडी तांब्याची किंवा हिरवी.

वायरमनकाका, सातारा

आणि आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल! फेज लाल, पिवळी किंवा निळी. अर्थ हिरवी किंवा हिरवी-पिवळी. पटाशी, व्हिडिओत बघून काळी वायर स्विचला लावलीत तर दिवा लागेल, विझेलही, आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. पण स्विच बंद असताना होल्डरमध्ये फेज जिवंत राहील. दिवा बदलायला शिडीवर चढलेल्या माणसाला त्याचा झटका बसतो, आणि झटक्यापेक्षा शिडीवरून पडणं वाईट.

दिवेलागण

एडिसनच्या गावात राहून आमच्या दिव्यांची काळजी घेताय, एडिसनकर, हे बाकी छान आहे.

एडिसनकर, न्यू जर्सी

अहो, मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावात होती. १८७९ मधला तो दिवा इथलाच. गावाला एडिसनचं नाव मात्र १९५४ साली मिळालं. पाहुणे आले की मी त्यांना तिथला मनोरा दाखवायला नेतोच, त्यावर मोठ्ठा काचेचा बल्ब आहे.

अकोल्याचा_ऊन, अकोला

राजेहो, आमच्या इकडचं ऐका. मे महिन्यात बाहेर ४५ असते, मग स्लॅबच्या खालच्या त्या नऊ इंचांत काय होत असेल? जे दिवे सीलिंगमध्ये भोक पाडून बसवतात, त्यायचे ड्रायव्हर वर त्या भट्टीतच पडून राहतात. उन्हाळा आला की एकामागं एक जातात. छताच्या खाली लागणारा बॅटनच घ्या भाऊ, त्याचं अंग मोकळ्या हवेत राहते. मेघनाताई, तुमच्या ठाण्याचं नाही सांगत, पण नाशकातही ऊन कमी नाही.

मेघना_इंटिरिअर, ठाणे

ठाण्यातही ऊन असतं हो भाऊ. पण मुद्दा मान्य. वर्कशॉपला मीही गोल डाउनलाइट सुचवणार नाही, बॅटनच.

देवगडकर

कोकणातून एक भर. सीलिंगच्या वर मोकळी वायर म्हणजे उंदरांची सोय. आमच्या आंब्याच्या पेट्यांच्या शेडमध्ये लवचीक पाइपसुद्धा कुरतडला होता, जाड पीव्हीसी पाइप मात्र शाबूत राहिला. शिवाय खाऱ्या हवेत लोखंडी बॉक्सचे स्क्रू एका पावसात गंजतात आणि तांब्याची टोकं हिरवी पडतात. आम्ही सगळे बॉक्स पीव्हीसीचे घेतो. वायरीच्या टोकांना लग (धातूची टोपी) दाबून मगच कनेक्टरमध्ये घालतो.

नाशिकला खारी हवा नाही, पण भुसा आहे. आयपी ६५ चे बंद बॅटन घ्या. त्यातला पहिला आकडा धुळीचा असतो, ६ म्हणजे धूळ आत जात नाही. सॉचा बारीक भुसा उघड्या दिव्यात थरावर थर बसतो, आणि लाकडाची कोरडी धूळ पेट घेते.

जुनंघर, मिरज

तुमच्या चर्चेने आजोबांचं घर आठवलं. लाकडी केसिंग-कॅपिंग, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, सीलिंग रोझमधून लोंबणारी पिळाची वायर आणि टोकाला साठचा बल्ब. फ्यूज गेला की आजोबा वायरीतली एक तार काढून लावायचे. त्या केसिंगची पट्टी उघडली की अख्खं वायरिंग समोर, लाकूड असूनही नीट रंग दिलेलं. दुरुस्तीला सोपं होतं हे मान्य करावं लागेल.

वायरमनकाका, सातारा

मिरजकर, लाकडी पट्टीचं काम बघायला सुंदर होतं यात शंका नाही. मी उमेदवारी केली ती त्याच कामावर. पण घर तेव्हाचं असेल तर वायर अॅल्युमिनियमची आहे का बघून घ्या. १९७०-८० च्या घरांत ती खूप आहे. कुणी तिला तांब्याची नवी वायर नुसती पिळून जोडली असेल तर तो सांधा हमखास तापतो. दोन धातूंना जोडणारा वेगळा कनेक्टर लागतो, किंवा पूर्ण वायर बदलावी लागते.

जुनंघर, मिरज

बघतो काका. उद्याच.

नवखा_९, संभाजीनगर

माझा साधा प्रश्न. काम करताना मेन स्विच पाडला की पुरे ना? टेस्टर लावून बघितलं की झालं?

सई_ओम, पुणे

पुरे नाही, आणि हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत.

आपल्या घरांत इन्व्हर्टर असतो. मेन पाडलात की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो लाइटच्या सर्किटला लगेच वीज द्यायला लागतो. पंखा बॉक्समध्ये हात घातलेल्या माणसाला हे कळतही नाही. आधी इन्व्हर्टरचं आउटपुट बंद करायचं, मग मेन. बॅटरीवाला सोलर असेल तर त्याचंही तेच.

टेस्टरचा निऑन फेज दाखवतो, न्यूट्रल तुटला आहे की नाही ते दाखवत नाही. उजेडात त्याची लाली नीट दिसतही नाही. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजा. आणि सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. मागे कुणी डीबीत फेज-न्यूट्रल उलटे लावले असतील तर एमसीबी पाडूनही वायर जिवंत असते. म्हणून आधी मोजायचं, मग हात लावायचा.

लेथवाला_शिरोली, कोल्हापूर

सईताई बरोबर. आमच्यात डीबीला कुलूप लावतात आणि किल्ली शिडीवरच्या माणसाच्या खिशात. घरात पोरंबाळं असली की हे लई गरजेचं. कुणीतरी "लाइट का गेली" म्हणून येतं आणि एमसीबी वर करतं. आणि अॅल्युमिनियमची शिडी नको, लाकडी घोडा घे.

अर्ध्यावरती

माझ्याकडे नवे एलईडी बंद केल्यावरही मंद लुकलुकतात. भुताटकी म्हणावी तर भुताला इतकी काटकसर कशाला?

वायरमनकाका, सातारा

हाहा. तुमच्या स्विचला लाल इंडिकेटर आहे का? त्यातून जाणारा अगदी थोडा प्रवाह एलईडीला मिणमिणायला पुरतो. इंडिकेटर नसेल तर स्विच न्यूट्रलमध्ये लागलाय का ते तपासून घ्या. वर सांगितला तोच प्रकार, आणि तो धोक्याचा.

अर्ध्यावरती

इंडिकेटरच आहे. जीव भांड्यात पडला.

पटाशी, नाशिक

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आता ठरवलेलं सांगतो, चुकत असेल तर बोला.

फरशीवर खडूने उभं राहायच्या जागा आखल्या. त्यावरून तीन रांगा निघाल्या, पण सारख्या अंतरावर नाहीत. खिडकीजवळची रांग भिंतीकडे सरकली, कारण टेबल तिथे आहे. ९ बॅटन, आयपी ६५, शिवाय लेथ, बँडसॉ आणि टेबलाला वाकवता येणारा एकेक दिवा. स्लॅबमधल्या पाइपात जागा कमी आहे, तेव्हा डीबीपासून भिंतीवर एक २५ मिमी पाइप उभा वर नेऊन सीलिंगच्या कडेला बॉक्स, तिथून काकांच्या पद्धतीने बॅटनच्या रेषेतच पांढरा पाइप. मेघनाताई, तुमची पट्टी कापायची पद्धत घरच्यांना आवडली होती, पण पुढे दिवे हलवावे लागले तर मला छत पुन्हा कापायचं नाही. वर्कशॉप आहे, मशीन आज इथे उद्या तिथे.

बॅटन जिप्समला लावले तर पेलतील ना? आणि शटरकडून, घराच्या दारातून अशा दोन्हीकडून चालू-बंद होईल का?

मेघना_इंटिरिअर, ठाणे

मशीन हलणार असतील तर तुमचं ठरवणं योग्य आहे. मी बैठकीच्या खोलीच्या अंगाने विचार करत होते.

नुसत्या जिप्सममध्ये स्क्रू धरत नाही, भुगा होऊन सुटतो. आतल्या जीआय सेक्शनमध्ये मारा. ते साधारण दीड-दीड फुटावर असतात. लोहचुंबक छताला लावून सरकवलं की सेक्शनच्या स्क्रूवर चिकटतं, तिथे पेन्सिलने खूण करत जा. बॅटन हलके असतात, सेक्शन पेलतो. जड काही टांगायचं असेल तर सीलिंगला भोक पाडून थेट स्लॅबला अँकर फास्टनर.

वायरमनकाका, सातारा

दोन्हीकडून चालवायला जिन्याचं वायरिंग करा. दोन टू-वे स्विच, त्यांच्यामध्ये दोन वायरी. फेज एका स्विचच्या मधल्या टर्मिनलला, दिव्याची वायर दुसऱ्याच्या मधल्या टर्मिनलला. तिन्ही रांगांना नको. दाराजवळच्या एका रांगेला पुरे, बाकीच्या आतून.

बॅटनचं अंग धातूचं असेल तर अर्थ प्रत्येकाला हवी, रांगेच्या पहिल्यालाच देऊन थांबू नका. परवानावाला माणूस आला की त्याला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायला सांगा. ५०० व्होल्टवर फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी, किमान १ मेगाओम. मात्र बॅटन जोडायच्या आधी! जोडलेले असताना मेगर मारला तर ड्रायव्हर जातात आणि मग दोष दुकानदाराला.

पटाशी, नाशिक

शुक्रवारी येतोय तो. पाइप, सॅडल, गिट्ट्या मी आधीच मारून ठेवणार आहे, त्याला पसंत आहे.

सई_ओम, पुणे

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे, माझ्याही. पटाशी, तुमच्या डीबीत एकच आरसीसीबी सगळ्यांच्या आधी आहे असं तुम्ही सुरुवातीला लिहिलंत. म्हणजे सॉच्या मोटरमध्ये गळती झाली की आरसीसीबी पडणार आणि त्याच क्षणी दिवेही जाणार. रात्री खोलीत मिट्ट काळोख, आणि पातं मात्र अजून फिरतंय. फार वाईट जागा आहे ती उभं राहायला.

लाइटला वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) घ्या, आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने. ते जमत नसेल तर निदान दाराजवळची रांग घरच्या इन्व्हर्टरच्या सर्किटवर ठेवा, पण तिचा न्यूट्रलही इन्व्हर्टरचाच, इथला नाही.

पटाशी, नाशिक

बाप रे. डीबीत दोन जागा रिकाम्या आहेत. आरसीबीओ बसेल असं वाटतं. ३० एमएचाच ना?

वायरमनकाका, सातारा

हो, ३० एमए, ६ किंवा १० अँपिअर, सी कर्व्ह. सईने फार मोलाचं सांगितलं.

आरसीबीओ लावताना लाइटच्या सगळ्या न्यूट्रल सामाईक पट्टीवरून सोडवून त्या आरसीबीओतूनच न्यायला सांगा. एक जरी जुन्या पट्टीवर राहिली तर पहिला दिवा लावताच तो पडेल. मग लोक आरसीबीओ खराब निघाला म्हणतात आणि काढून टाकतात. मधल्या जुन्या पॉइंटची न्यूट्रल विसरू नका, तीच बहुतेक वेळा राहते.

पटाशी, नाशिक

लिहून घेतलं. जुना पॉइंट पंख्याला ठेवतोय, त्याची न्यूट्रलही त्यातूनच.